अनुभव धागा: आठवणीतले सेंट थॉमस कॅथेड्रल

नौपाडकर:
कपाट आवरताना वडिलांचा ठाणे ते व्ही.टी. असा जुना तिमाही पास हाती आला आणि पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. वडील फोर्टातल्या एका बँकेत नोकरीला होते. मी सातवीत असताना त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत मला सोबत नेले, हॉर्निमन सर्कलच्या बागेत आम्ही डबा खाल्ला आणि मग ते मला जवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये घेऊन गेले. देवळात जायच्या सवयीने मी दाराशीच चपला काढल्या. वडील काही बोलले नाहीत, त्यांनीही आपल्या काढून माझ्या चपलांशेजारी ठेवल्या. आतल्या फरशीचा गारवा तळपायांना अजून आठवतो. गव्हर्नर जेरल्ड आँजिअर यांच्या काळात सुरू झालेले हे बांधकाम कित्येक वर्षे अर्धवट पडून होते आणि रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने पुढाकार घेऊन ते पूर्ण केल्यावर १७१८ च्या नाताळात चर्च उघडले, हे मी पुढे वाचले. आपल्यापैकी कोणाच्या तिथल्या आठवणी असतील तर अवश्य लिहाव्यात.

कळव्याची लेक:
काका, चपलांचे वाचून डोळे भरून आले. मी पाच वर्षे चर्चगेटच्या महाविद्यालयात शिकले, पण ते नाव या चर्चमुळे पडले हे मला शेवटच्या वर्षी कळले. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या तटाला अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट असे तीन दरवाजे होते व त्यांपैकी चर्चकडे जाणारा तो चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, दरवाजाही गेला, आणि त्या जागी आज फ्लोरा फाउंटन उभे आहे. वेस्टर्न रेल्वेच्या लाखो प्रवाशांच्या तोंडी मात्र तो दरवाजा अजून शाबूत आहे.

घोडबंदर रोड:
मला तिथले संगमरवरी स्मारकशिल्प विसरता येत नाही. १८११ मध्ये मुंबईतच वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे ते स्मारक आहे आणि त्यावर बनारस व काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे. माझ्या पहिल्या मुलीच्या जन्मानंतर दोन महिन्यांनी मी ती अक्षरे वाचली आणि बराच वेळ तिथून हललो नाही. परक्या राज्यकर्त्यांविषयी माझ्या मनात जिव्हाळा नाही, तरी त्या एका ओळीपुढे मी मान झुकवली.

वाशीहून:
डाळ शिजत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. दारासमोरचे कारंजे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभे राहिले. पारशी गृहस्थाने ख्रिस्ती मंदिरापुढे पाण्याची सोय करावी, ही मुंबईची रीत मला फार प्रिय आहे.

कोपरी पूर्व:
आपल्या ठाण्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये मुंबई इलाख्यात आले, तेव्हा ठाण्याच्या नव्या इंग्रजी चर्चचा प्रतिष्ठापना विधी त्यांच्या हस्ते झाला. ठाण्याच्या किल्ल्यातून दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांनी केलेल्या पलायनाची हकीकतही त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. त्या वेळी सेंट थॉमसला कॅथेड्रलचा दर्जा नव्हता. मुंबईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर, १८३७ मध्ये तो मिळाला. शहरातले जुने मैलाचे दगड याच चर्चपासूनचे अंतर दाखवत. आमचे आजोबा भायखळ्याजवळचा तसा एक दगड बोट दाखवून सांगत, पण मी लहानपणी कधी थांबून तो नीट पाहिला नाही, याची आता हळहळ वाटते.

नौपाडकर:
सर्वांचे मनापासून आभार. कोपरीकर, तो दगड आज दिसतो का, हे कृपया पाहून सांगावे. मी येत्या शनिवारी नातीला घेऊन कॅथेड्रलमध्ये जात आहे आणि वडिलांचा पास खिशात असेल.