मे महिन्यात घरी जाऊन वर्गीकरणाचा अभ्यास कसा करू?

रातांबा_२१: पुण्यात एस. वाय. बी. एस्सी. झालं, वनस्पतिशास्त्र. हॉस्टेल रिकामं करून संगमेश्वरला घरी चाललेय. टी. वाय.ला वर्गीकरण चांगलं करायचंय, पुढे एम. एस्सी.ही त्यातच करायचीय. पण घरी लायब्ररी नाही, नेट अंगणाच्या एका कोपऱ्यातच येतं, आणि मे म्हणजे आंबा उतरवणं, पेट्या भरणं, आमसुलं. कुठली पुस्तकं नेऊ? की पुण्यात कॉट घेऊन अभ्यासिका लावू?

सड्यावरची: घरी जा गं! अभ्यासिकेत करवंदाची जाळी नसते. मी पीएच. डी. करतेय, तरी मनापासून सांगते, मे महिन्यातलं कोकण सोडू नकोस.

एकच कुल (म्हणजे वनस्पतींचं एक कुटुंब) घे: अ‍ॅपोसायनेसी. करवंद, पांढरा कुडा, कण्हेर, देवचाफा, सदाफुली, सगळी तुझ्या घराजवळच असणार. पान तोडून चीक बघ. मग पानांची मांडणी: करवंद, कुडा, सदाफुलीला समोरासमोर, कण्हेरीला बहुधा तीन-तीनच्या वलयात, चाफ्याला एकाआड एक. कळी उमलायच्या आधी पाकळ्या कशा पिळलेल्या असतात ते भिंगातून बघ आणि चित्र काढ. दहा रुपयांची वही पुरे. कण्हेर विषारी आहे, हात धुवायला विसरू नकोस.

कुकचा जुना वनस्पतिग्रंथ 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' (१९०१ ते १९०८) नेटवर फुकट मिळतो, पुण्यातूनच उतरवून ने. त्यात रुई वेगळ्या कुलात, अ‍ॅस्क्लेपिएडेसीत सापडेल. आताच्या एपीजी या डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणात ती अ‍ॅपोसायनेसीतच येते. रुईचं फूल उघडून सदाफुलीशेजारी ठेव. जुन्या लोकांनी तिला वेगळं का काढलं आणि नव्यांनी परत का घेतलं, यावर स्वतः दोन पानं लिही. टी. वाय.ला खूप उपयोग होईल.

पेटीवाला: आमचीही बाग आहे. दुपारी अभ्यास होईल या भरवशावर राहू नको, अंग मोडून येतं. पहाटेचा वेळ धर आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव. पानाफुलांचे नमुने दाबून वाळवायला रद्दी लागेल, पेट्यांत घालायच्या आधी थोडी बाजूला काढ. कागद रोज बदलायचे, नाहीतर आपल्याकडच्या दमटपणात बुरशी धरते.

रातांबा_२१: ताई, दादा, खूप आभार. ठरलं, घरीच जाते. ताई, एक विचारू? आमच्या मागच्या परड्यातल्या एका रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, फळच धरत नाही. आजी म्हणते तोडून टाका.

सड्यावरची: तोडू देऊ नकोस! कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तुमचं ते बहुधा नर असेल. आता फळांच्या दिवसांत कुठल्या झाडांना रातांबे आहेत, कुठल्यांना नाहीत, त्यांचा नकाशा काढून ठेव. थंडीत फुलं आली की दिवाळीनंतर एखाद्या सुट्टीत जाऊन दोन्हीकडची फुलं उघडून बघ. आजीलाही भिंगातून दाखव. आणि चाफ्याची फांदी दाबायला घेऊ नकोस, फार रसाळ असते, त्याचं नुसतं चित्र काढ.