ड्रग्जच्या छाप्याचा प्रसंग: कोर्टात टिकेल असा कसा लिहायचा?

पटकथा_अर्धवट

मराठी क्राइम थ्रिलरची पटकथा लिहितोय. मुंबई पोलिसांचा अँटी नार्कोटिक्स सेल, घाटकोपर युनिट, नायक एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक). मध्यंतराआधीचा प्रसंग असा: रात्री ११ ला खबर येते की कुर्ल्यातल्या एका खोलीत एमडी (मेफेड्रोन) पोचलाय. नायक चार जणांना घेऊन दार तोडतो. आरोपीच्या खिशात ६० ग्रॅम एमडी सापडतं. नायक चिमूटभर जिभेला लावून "असली आहे" म्हणतो. दोन कानाखाली बसल्यावर आरोपी कारखान्याचा पत्ता देतो. पहाटे एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा, गोळीबार. उत्तरार्धात आरोपी 'तांत्रिक मुद्द्यावर' सुटतो आणि कथा पेटते.

हा तांत्रिक मुद्दा नेमका कोणता ठेवू? नायक मूर्ख वाटायला नको, पण चूक खरी हवी. प्रसंगात आणखी काय खोटं वाटतंय तेही सांगा.

कोर्टनाका

आधी ते जिभेला लावणं काढून टाका. कुणी चाखत नाही. पथकाकडे ड्रग डिटेक्शन किट असतं. चिमूटभर नमुना त्यात टाकायचा, रंग बदलला की पंचनाम्यात नोंद करायची. हा प्राथमिक अंदाज झाला. पुरावा म्हणून सीए रिपोर्टच लागतो, म्हणजे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा.

आता मुद्दा. तुमच्या प्रसंगात एक नाही, तीन आहेत.

पहिला, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ४२. खबर मिळाली की ती लिहून घ्यावी लागते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय बंद जागेत शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत पुरावा किंवा आरोपी हातचा का जाईल, याची कारणं आधी कागदावर हवीत. त्या नोंदीची प्रत ७२ तासांच्या आत लगतच्या वरिष्ठाकडे गेली पाहिजे. कर्नैल सिंग (२००९) निकालानुसार घाईमुळे उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण असलं तर चालतं, पण अजिबातच पालन नसेल तर नाही. इथे नायक मूर्ख न दिसता चुकू शकतो. तो खबर फोनवर तोंडी वरिष्ठांना कळवतो, धावतो, आणि कागद दुसऱ्या दिवशी 'मागील वेळ टाकून' तयार होतो. बचावाचा वकील स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक आणि पथकाच्या मोबाइलचे सीडीआर (कॉल आणि टॉवरच्या नोंदी) मागवतो. डायरीत निघायची वेळ ११.४०, पण एपीआयचा फोन ११.२५ लाच कुर्ल्याच्या टॉवरवर! उलटतपासणीचा प्रसंग तिथेच लिहून होतो.

दुसरा, कलम ५०. अंगझडती घेण्याआधी आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. बलदेव सिंग (१९९९) या घटनापीठाच्या निकालापासून हे बंधनकारक आहे, आणि विजयसिंह जडेजा (२०१०) मध्ये त्याचं काटेकोर पालन हवं असं ठरलं. खोलीत दोघे असतील तर प्रत्येकाला वेगळं सांगायचं, दोघांना मिळून एक नोटीस चालत नाही (परमानंद, २०१४). छापील फॉर्मवर 'माहिती दिली, नकार दिला' लिहून सही घेतली जाते, आणि आरोपी फक्त बंगाली वाचणारा निघाला की त्या सहीवर तासभर उलटतपासणी चालते.

तिसरा, ती कानाखाली. मारहाण गुन्हा आहेच, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब तसाही पुराव्यात येत नाही. तूफान सिंग (२०२०) नंतर एनसीबी (नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो) सारख्या यंत्रणांपुढे कलम ६७ खाली दिलेला जबाबही कबुली म्हणून वापरता येत नाही. आरोपीने सांगितल्यावरून प्रत्यक्ष काही सापडलं तर तेवढाच भाग कामाचा. तोंडाने काहीही बोलू दे, कारखाना त्याच्याशी सीडीआर, बँक आणि यूपीआयच्या नोंदी, भाडेकरार, कच्च्या मालाची बिलं यांनीच जोडावा लागेल.

मुद्देमाल

वरचे मुद्दे बरोबर. पण पडद्यावर दिसेल आणि प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात कळेल अशी गोष्ट म्हणजे वजन.

मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम. २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा. मध्ये सापडलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. ५० च्या वर गेलं की १० ते २० वर्षं आणि एक ते दोन लाख दंड. शिवाय कलम ३७ लागतं: आरोपी दोषी नाही आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. तपासालाही १८० दिवस मिळतात. म्हणजे ५० च्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळे खटले आहेत.

म्हणून ६० ग्रॅम ठेवू नका. रात्री दीड वाजता, मोबाइलच्या उजेडात, बॅटरीवरच्या काट्यावर झिपच्या १० पुड्या. काटा दाखवतो ५३ ग्रॅम. हवालदार लिहितो ५३. ते प्लास्टिकसह वजन आहे, निव्वळ लिहिलंच नाही. दंडाधिकाऱ्यासमोर पुड्या रिकाम्या करून मोजल्या तर ४८.६. कुणी काही चोरलेलं नाही, कुणी विकलं गेलेलं नाही, आणि कलम ३७ गळून पडतं. आरोपी निर्दोष सुटत नाही, जामिनावर बाहेर येतो. कथेला तेच जास्त सोयीचं, कारण खटला चालूच राहतो आणि साक्षीदारांपर्यंत त्याचे हात पोचतात.

'त्यात निम्मा ग्लुकोज होता' असा बचाव लिहू नका. हिरा सिंग (२०२०) नंतर मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात.

व्यावसायिक मात्रेचे इतर आकडे संवादांसाठी: हेरॉइन २५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, चरस १ किलो, गांजा २० किलो, एमडीएमए १० ग्रॅम. गांजा म्हणजे कायद्याने फुलोरा. झाड मुळासकट उपटून देठ-पानांसह तोललं तर तिथेही वजनावर वाद होतो.

आणि ती पत्रकार परिषदेतली 'आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत' नायकाच्या तोंडी नको. खटल्यात वजन चालतं, किंमत नाही.

रात्रपाळी

@कोर्टनाका, कलम ५० फक्त अंगझडतीला लागतं हे स्पष्ट करायला हवं, नाहीतर लेखक ते सगळीकडे लावतील. पिशवी, ट्रंक, खोली यांना नाही. पवन कुमार (२००५) पासून हेच, आणि रंजन कुमार चढ्ढा (२०२३) मध्ये पुन्हा पक्कं झालं. म्हणून पटकथेत माल दोन ठिकाणी ठेवा: खिशात काही, खाटेखालच्या सॅकमध्ये काही. कलम ५० चुकलं तर खिशातला माल बाद, सॅकमधला टिकतो. मग आरोपपत्रातला आकडा किती उरतो हा खेळ होतो.

खोलीऐवजी गाडी पकडायची असेल तरी नियम बघा. रस्त्यावर, हॉटेलात, एसटीत कलम ४३, तिथे ४२ ची कागदपत्रं लागत नाहीत. पण खासगी गाडी रस्त्यावर उभी असली म्हणून सार्वजनिक जागा होत नाही (बूटा सिंग, २०२१). नाकाबंदीचे प्रसंग इथेच फसतात.

पंचांचंही बघा. सिनेमात पंच नसतातच. खऱ्या छाप्यात दोन पंच आधी तयार करून न्यावे लागतात, आणि रात्री १२ ला कुणी येत नाही. मग युनिटच्या ओळखीतला पानवाला येतो, जो आधीच्या चार केसमध्येही पंच आहे. बचावाला हे शोधायला एक अर्ज पुरतो.

जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण लागतं, शक्यतो मोबाइलवर, याद्या आणि सह्यांसकट. म्हणजे तुमच्या नायकाने कानाखाली मारली तर ती त्याच्याच हवालदाराच्या फोनमध्ये असेल, किंवा व्हिडिओत चार मिनिटांची खिंडार असेल. दुसरं जास्त चांगलं.

पटकथा_अर्धवट

वजनाचा मुद्दा घेतला, सॅकही घेतो. तीन शंका. एसीपीला (सहायक पोलीस आयुक्ताला) छाप्यात घातलं तर ४२ ची कटकट जाते असं ऐकलं. नमुने जागेवरच काढतात ना? आणि कारखान्याचा छापा कुठे चुकतोय?

कोर्टनाका

एसीपी: हो. अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी स्वतः छाप्याला असेल तर कलम ४१ लागतं, ४२ च्या नोंदी आणि ७२ तासांचा प्रश्न उरत नाही. पण त्याच एसीपीला कलम ५० साठी उभं करू नका. छाप्यात नसलेला राजपत्रित अधिकारी घ्या, नाहीतर तटस्थतेवर बोट येतं. कलम ५७ मात्र तसंच राहतं, अटक आणि जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना. अटकेची कारणंही आरोपीला लेखी द्या, त्याला कळेल अशा भाषेत. हल्ली यावरूनच बरेच अर्ज होतात.

नमुने: जागेवर काढायची पद्धत १९८९ च्या स्थायी आदेशाची. मोहनलाल निकाल (२०१६) आणि २०२२ चे नियम यांनंतर जागेवर फक्त ओळख, वजन, पॅकिंग, सील. नमुने कलम ५२ए खाली दंडाधिकाऱ्यासमोर, दोन प्रतींत. एमडीचा ५ ग्रॅम, गांजा-चरस-अफूचा २४ ग्रॅम. पुड्या एकसारख्या नसतील तर सगळ्या एकत्र करून एकच नमुना काढणं ही क्लासिक चूक. त्या नमुन्यावरून प्रत्येक पुडीत एमडी होतं असं म्हणता येत नाही.

मात्र '५२ए चुकलं, सुटला' असा साधा शेवट आता जुना झाला. डिसेंबर २०२४ मध्ये काशिफ आणि जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाले या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ ५२ए मधल्या उशिराने किंवा त्रुटीने खटला कोसळत नाही, इतर पुरावा पाहायचा. कथा २०२५ नंतरची असेल तर वजनाचाच धागा धरा.

मुद्देमाल

कारखाना. एमडीचे कारखाने सहसा शहरात गल्लीत नसतात. नाशिकजवळच्या शिंदे गावातला (ऑक्टोबर २०२३, साकीनाका पोलीस) किंवा दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतला (फेब्रुवारी २०२४, पुणे पोलीस) बघा. केमिकल युनिटच्या पाटीआड चालतं. बाहेरून दिसणाऱ्या खुणा कंटाळवाण्या असतात: नोंदीत उत्पादन नसताना वीजबिल मोठं, रात्रीच टँकर, स्थानिक कामगार एकही नाही, उग्र वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी.

आत गोळीबार? ड्रमांमध्ये ज्वलनशील सॉल्व्हंट असतात आणि बंद शेडमध्ये त्यांची वाफ साचलेली असते. ठिणगी पुरते, विजेचं बटणसुद्धा. कुठलंही शहाणं पथक आत पिस्तूल चालवणार नाही. आधी माणसं बाहेर काढतात, दारं-खिडक्या उघडतात, अग्निशमनाला बोलावतात, मग मास्क लावून प्रयोगशाळेचे तज्ज्ञ आत. थरार हवाच असेल तर हाच वापरा: आरोपी लायटर हातात घेऊन उभा आहे आणि नायकाने पिस्तूल कमरेला परत खोचलंय.

दुसरी गोची पंचनाम्याची. तयार माल, अर्धवट तयार द्रव आणि कच्चं रसायन यांची वजनं वेगवेगळी लिहावी लागतात. सगळं एकत्र 'एमडी' म्हणून मोजलं की प्रयोगशाळेत द्रवात एमडी निघत नाही आणि आकडा धडाधड खाली येतो.

लाखबत्ती

कला विभागासाठी थोडं, कारण हे कुणी विचारत नाही आणि क्लोज-अपमध्ये उघडं पडतं.

५० ग्रॅम एमडी म्हणजे मुठीत मावेल एवढं. टेबलभर पांढरे ठोकळे दिसले की जाणकार हसतात. रंग शुभ्र नको, किंचित पिवळट खडे-भुकटी हवी. गांजाचे २० किलो मात्र पोतं भरून असतात. दोन्ही एकाच आकाराच्या पाकिटात दाखवू नका.

सील असं करतात. माल प्लास्टिकच्या पिशवीत, ती खाकी पाकिटात. वर लेबल: गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, वजन, दोन्ही पंच आणि अधिकाऱ्याच्या सह्या. पांढरा दोरा आडवा-उभा, गाठ मध्ये. मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर थेंब पाडायचे. काडी ज्योतीत फार वेळ धरली की काजळी धरून लाख काळी पडते. पितळी सील आधी ओलं करायचं, कोरडं दाबलं तर लाखेला चिकटून ठसा फाटतो. त्याच सीलचा नमुना ठसा पंचनाम्यावर आणि प्रयोगशाळेच्या पत्रावर, म्हणजे पाकीट उघडणारा रसायनतज्ज्ञ जुळवून बघतो. नंतर सील कुणाच्या ताब्यात गेलं ते लिहायचं. ते अधिकाऱ्याच्याच खिशात राहिलं की वकिलाला आणखी एक प्रश्न मिळतो.

कपडे: सेलचं पथक साध्या वेशात जातं. बेड्या चालतील, बीएनएसएसच्या कलम ४३(३) मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे आहेत. संशयित बाई असेल तर अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची, पथकात महिला पोलीस दाखवा.

सेन्सॉर: मार्गदर्शक तत्त्वांत नशेला उत्तेजन देणारी, तिचं समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्यं नकोत असं आहे. ओढण्याचा क्लोज-अप, पुडी बनवण्याची कृती आणि कारखान्यातली प्रक्रिया टाळा, पुढे कात्री वाचते. पुड्यांसाठी कॉर्नफ्लोअर आणि किंचित हळद घेतात, पण काट्यावर खरोखर ५३ ग्रॅम दिसतील एवढं भरा. आकडा नंतर व्हीएफएक्सने बदलायचा ठरवलंत तर काट्यावर बल्बची चमक पडू देऊ नका.