गेजवर १४.७, लॅपटॉपवर १५.१: वाइडबँडची व्होल्टेज लाइन जुळवायची कशी?

जिप्सी_१३००, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, इंजिन जी१३बीबी, ईसीयू (इंजिनचा कंट्रोल बोर्ड) स्पीडुइनो, त्याचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ट्यूनरस्टुडिओ. वाइडबँड (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे एएफआर, दाखवणारा मीटर) एईएमचा एक्स-सीरिज गेज आहे, सेन्सर बॉश एलएसयू ४.९. एम१८ बाय १.५ चा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) उद्यमनगरात लेथवर काढून हेडरच्या जोडानंतर वेल्ड करून घेतला. सेन्सर वरच्या अंगाला तिरका बसलाय. सायलेन्सर लाइनला साबणाचं पाणी मारून बघितलं, कुठे बुडबुडा नाही.

गेजची ० ते ५ व्होल्टची वायर ईसीयूच्या ओटू पिनला दिली आहे. सॉफ्टवेअरमध्ये कस्टम लिनिअर निवडून ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८ एएफआर भरलं, बर्न (ईसीयूत सेव्ह) केलं, किल्ली बंद-चालू केली. तरी आकडे जुळत नाहीत. इंजिन गरम, ईजीओ करेक्शन (सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणं) बंद:

गेज १२.५ तर लॅपटॉप १२.९
गेज १४.७ तर लॅपटॉप १५.१

हेडलाइट आणि ब्लोअर लावला की फरक अजून थोडा वाढतो. मग ईसीयू काढून टेबलावर घेतला, फक्त यूएसबी जोडली आणि पॉवर सप्लायवरून ओटू पिनला बरोबर २.५ व्होल्ट दिले. हिशेबाने १३.२५ यायला हवं, दाखवलं १३.७. मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) मात्र किल्ली ऑन, इंजिन बंद असताना ९४.६ केपीए दाखवतो. आपल्या उंचीला ते बरोबर आहे, म्हणजे ईसीयूचं रीडिंग ठीक असणार. मग कॅलिब्रेशन टेबलमधलेच दोन्ही एएफआर ०.४ ने कमी करून टाकू का? आणि आता पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) आहे, त्यासाठी १४.७ बदलून काही वेगळं भरायचं का?

वायरिंगवाला_शिरोली

भावा, टेबलमधले आकडे हलवू नकोस. आज जुळतील आणि रात्री हेडलाइट लावल्यावर परत सुटतील. तुझ्या गेजचं सूत्र एएफआर = २.३७५ × व्होल्ट + ७.३१२५ आहे, तू भरलेले दोन्ही बिंदू याच रेषेवर बसतात. ती रेषा बरोबरच आहे. वायरीतून येणारा व्होल्टेज चुकतोय.

तुझ्या आकड्यांतच उत्तर आहे. १२.५ ला फरक ०.४ आणि १४.७ लाही ०.४. फरक सगळीकडे सारखा असला की ग्राउंडकडे बघायचं. ०.४ भागिले २.३७५ म्हणजे साधारण १७० मिलिव्होल्ट. गेजचं ग्राउंड ईसीयूच्या ग्राउंडपेक्षा तेवढं वर उचललं गेलंय. सेन्सरचा हीटर गेजच्याच काळ्या वायरीतून जमिनीला जातो, आणि चालू गाडीत तो एक-दोन अँपिअर खातो. डॅशबोर्डमागची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर मीटरला ३५ मिलिओहमच्या आसपास असते. दोन मीटर वायर आणि दीड अँपिअर, झाले शंभर मिलिव्होल्ट. त्यात रंगावर कसलेला लग (वायरच्या टोकाचं कडं) असला की उरलेले तिथे. तू ते ग्राउंड हेडलाइट-ब्लोअरच्या कॉमन पॉइंटला दिलेलं असणार, म्हणून ते लावल्यावर फरक वाढतो.

आधी मोजून खात्री कर. इंजिन चालू, सेन्सर गरम. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर. काळा प्रोब ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवर, लाल प्रोब गेजच्या काळ्या वायरीवर, गेजच्या अगदी जवळ. बॅटरीच्या निगेटिव्हवरून मोजू नकोस. आपल्याला या दोन ठिकाणांमधला फरक हवाय. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, २० पर्यंत चालवून घे, त्यापुढे वायरिंग बदलायचं.

बदलायचं असं: गेजच्या काळ्या वायरीला १.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर जोड आणि ज्या बोल्टवर ईसीयूचं पॉवर ग्राउंड आहे त्याच बोल्टवर इंजिन ब्लॉकला ने. तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमकेपर्यंत काढ, लग क्रिंप कर, मग बोल्ट. ॲनालॉग आउटपुटची मायनस वायर वेगळी दिली असेल तर तीच फक्त ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जाईल. इथे बरेच जण गफलत करतात: गेजची पॉवरची काळी वायरच सेन्सर ग्राउंडला जोडतात. मग हीटरचा सगळा करंट त्या बारीक ट्रॅकमधून जातो आणि टीपीएस (थ्रॉटल पोझिशन), कूलंट टेंपरेचर, सगळेच आकडे डोलायला लागतात.

तुझ्याकडे चूक लीन (पेट्रोल कमी) बाजूला आहे हे त्यातल्या त्यात बरं. उलटी असती, म्हणजे इंजेक्टरच्या करंटने ईसीयूचं ग्राउंड वर उचललं असतं, तर लॅपटॉपने रिच (पेट्रोल जास्त) दाखवलं असतं. आपण पेट्रोल कमी करत गेलो असतो आणि फुल थ्रॉटलला पिस्टन गेला असता.

पंचगंगा_ट्यूनर

वरचं सगळं गाडीतल्या फरकाबद्दल पटलं. टेबलावरचं १३.७ हे मात्र वेगळं दुखणं आहे, दोन्ही एकत्र धरू नका.

स्पीडुइनोचा मेगा बोर्ड नुसत्या यूएसबीवर असला की त्याची ५ व्होल्ट लाइन पुरी ५ राहत नाही. ४.६ ते ४.७ नेहमी दिसतं. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा बोर्डवरचा भाग) प्रत्येक व्होल्टेज याच लाइनच्या मापाने मोजतो. लाइन ४.६५ असेल तर तुमचे २.५ व्होल्ट त्याला २.६९ वाटतात, आणि सूत्रात घातले की बरोबर १३.७ येतात. या चुकीची ओळख अशी की एएफआर वाढेल तसा फरक वाढत जातो: ४.६५ ला १२.५ च्या जागी १२.९ आणि १४.७ च्या जागी १५.२५. गाडीत तुमचा फरक दोन्हीकडे सारखा आहे, म्हणजे तिथे लाइन ठीक आहे. तरी बोर्डच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा. टेबलावर तपासायचं तर बोर्डला १२ व्होल्ट देऊनच.

आता मॅपचा मुद्दा, कारण यात भले भले फसतात. मॅप आणि टीपीएस ईसीयूच्या त्याच ५ व्होल्टवर चालतात. लाइन ७ टक्के खाली गेली की त्यांचा आउटपुटही ७ टक्के खाली जातो आणि चूक आपोआप कटते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, तेव्हा ९४-९५ केपीए दिसणारच, लाइन ४.६ असली तरी. वाइडबँड स्वतःचे व्होल्ट स्वतः तयार करतो, त्याला ईसीयूच्या लाइनशी देणंघेणं नाही. त्यामुळे ही चूक एकट्या वाइडबँडवर उघडी पडते. मॅप बरोबर आहे म्हणून एडीसी बरोबर आहे, असं म्हणता येत नाही.

अजून एक. ट्यूनरस्टुडिओच्या यादीत एईएमचं नाव दिसलं म्हणून ते निवडू नका. जुन्या एईएम गेजचं सूत्र २ × व्होल्ट + १० आहे. तुमच्या गेजचे १४.७ म्हणजे ३.११ व्होल्ट, जुन्या सूत्रात ते १६.२ होतात. कस्टम लिनिअर घेतलंत तेच योग्य. आणि ०.५ च्या खाली किंवा ४.५ च्या वर व्होल्टेज गेला तर तो आकडा मिश्रणाचा समजू नका.

जिप्सी_१३००

मोजलं. गेजची काळी वायर ते सेन्सर ग्राउंड १६२ मिलिव्होल्ट, हेडलाइट-ब्लोअर लावल्यावर १९०. काळी वायर खरंच डॅशमागच्या कॉमन पॉइंटवर होती, आणि लगखाली रंग तसाच. ब्लॉकवर नेल्यावर ८ मिलिव्होल्ट, हेडलाइट लावून ९. यूएसबीवर ५ व्होल्ट लाइन ४.६६ निघाली, १२ व्होल्टवर ४.९९. आता २.५ दिल्यावर १३.३ दाखवतो. गाडीत गेज आणि लॅपटॉप १२.५ लाही आणि १४.७ लाही जुळतात. ई२० चं तेवढं राहिलं.

लॅम्डा_एक

ई२० साठी गेजमध्ये किंवा टेबलमध्ये काहीही बदलू नका. सेन्सर लॅम्डा (खरं प्रमाण भागिले संतुलित प्रमाण) ओळखतो, गेज त्याला १४.७ ने गुणून एएफआर म्हणून दाखवतो. ई२० चं खरं संतुलित प्रमाण १३.५ च्या जवळ आहे, पण लॅम्डा १ असताना गेज १४.७ च दाखवणार, आणि लॅपटॉपनेही तेच दाखवायला हवं. घोळ होतो तो एका बाजूला १३.५ भरलं आणि दुसरीकडे १४.७ राहिलं की. आपला ऊस पट्टा, पुढेमागे इथेनॉलचं प्रमाण बदललं तरी लॅम्डात विचार करणाऱ्याला टार्गेट टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. फुल थ्रॉटलला ०.८५ हवं असेल तर गेजवर १२.५, पंपावर काहीही मिळालं तरी. पेट्रोल किती सोडायचं ते बदलेल, ते व्हीई टेबल (कुठल्या आरपीएम-लोडला किती पेट्रोल ते ठरवणारं) बघून घेईल.

फ्री-एअर कॅलिब्रेशन तुमच्या गेजला लागत नाही. एलएसयू ४.२ वाल्या जुन्या कंट्रोलरला लागतं, आणि काही कंपन्या ४.९ लाही मागतात. तिथे सेन्सर पाइपमधून काढून, गॅरेजबाहेर उघड्या हवेत धरूनच करायचं. पाइपमध्ये ठेवून, आत जुना धूर असताना केलं तर सगळी पट्टीच सरकते.

आता महत्त्वाचं: आधी ऑटोट्यून (वाइडबँडच्या आकड्यावरून सॉफ्टवेअरने टेबल आपोआप दुरुस्त करणं) चालवलं असेल तर ते व्हीई टेबल चुकीच्या आकड्यांवर बनलंय. लॅपटॉपवर १४.७ होतं तेव्हा इंजिनात १४.३ होतं, १२.५ होतं तेव्हा १२.१. म्हणजे टेबल जवळपास ३ टक्के रिच आहे. जितक्या सेलमध्ये ऑटोट्यून फिरलं, तेवढे निवडून ०.९७ ने गुणा, बाकीच्यांना हात लावू नका. मग आयडल आणि अर्ध्या थ्रॉटलवर गेज बघत खात्री करा, आणि त्यानंतरच ईजीओ करेक्शन चालू करा. सुरुवातीला त्याची मर्यादा ५ टक्क्यांवर ठेवा.