आधी भाकरी, मग लोकशाही?

भाऊ, ‘गरीब भागात आधी भाकरी द्या, मतदान-बितदान नंतर’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालाने माणसाच्या सुरक्षिततेत अन्न, आरोग्य आणि राजकीय हक्क एकत्रच मोजले होते. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले. मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, आणि १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला. विचारता आलं म्हणून काम मिळालं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका पाड्यावर मी ग्रामसभेला बसलो होतो. एक आजी रेशनकार्ड पदरात गुंडाळून आली होती. मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून तिचं धान्य तीन महिने अडलेलं. तिने तिथेच विचारलं, तलाठी-ग्रामसेवकासमोर, आणि ठरावात लिहूनही घेतलं. पुढच्या महिन्यात धान्य आलं.

आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. दोन्ही ग्रामसभेवर उभे आहेत. पण नंदुरबारच्या कितीतरी पाड्यांत सभा कागदावरच होते, सह्या घरोघरी फिरून घेतात. मला काळजी त्याची वाटते. जिथे सभा भरत नाही, तिथल्या आजीने विचारायचं कुणाला?