वहाळावरचा घरचा मातीचा बांध पाझरतोय, सल्ला हवा

पोफळबाग:
मंडळी, सिंधुदुर्गात आमच्या जमिनीत आजोबांनी वहाळावर घातलेला मातीचा बांध आहे. उंची १८ फूट, माथा ६ फूट रुंद. दिवाळीत गेलो तर खालच्या अंगाला, पायथ्याच्या जरा वर, ओल आणि एका जागी करंगळीएवढी धार. गडी म्हणाला, "सिमेंट भरूया, बंद होतला." बांधावर आकेशियाची चार झाडं आहेत. कडेला जादा पाणी निघून जायला जांभ्यात कोरलेला सांडवा आहे. पाणी जास्त साठावं म्हणून त्यात गेल्या वर्षी आम्हीच मातीच्या गोणी रचल्या. खाली दोन घरं, एक चुलत्यांचं. झोप लागत नाही. काय करू?

जुना_मुरूम:
सिमेंट अजिबात नको. तोंड बुजवलं की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. मातीचा बांध थोडा पाझरतोच. बघायचा तो पाण्याचा रंग. धारेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन दोन तास ठेवा. तळाशी माती बसली तर बांध आतून पोखरला जातोय असं समजा. मग खालच्या घरांना त्याच दिवशी सांगा आणि पाणी उतरवा, पण दिवसाला फूटभराच्या बेतानं. एकदम रिकामा केलात तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

निवळ असेल तर ओलीवर जाड धुतलेली वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, असे थर द्या. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती नाही. आणि दर रविवारी बादली किती सेकंदांत भरते ते आणि बांधातली पातळी, दोन्ही वहीत लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरायला लागली तर थांबू नका, मातीकामातला अभियंता जागेवर आणा.

गोणी आजच काढा. माथ्यावरून पाणी गेलं तर मातीचा बांध बघता बघता कापला जातो.

परदेशी_पाहुणा:
मी पिट्सबर्गला असतो. इथून जवळच जॉन्सटाउन. त्याच्या वरच्या अंगाला श्रीमंतांच्या एका क्लबचा ७२ फुटी मातीचा बांध होता. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या, बग्ग्यांसाठी माथा थोडा खाली केलेला, तळातले पाणी सोडायचे पाइप आधीच काढलेले. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात तो फुटला, २,२०९ माणसं गेली. तुमच्या गोणींचं वाचून पोटात गोळा आला.

माळ्याचा_पोर:
झाडं आत्ता तोडू नका. बुंधा आत राहिला की मुळं कुजतात आणि पाण्याला बोळ मिळतो. उन्हाळ्यात बांध कोरडा झाला की मुळांसकट खणून काढा, खड्डा त्याच जातीच्या मातीनं थराथरानं, ओलावून, धुमसानं ठोकत भरा. खेकड्यांची आणि घुशींची बिळंही तेव्हाच बघा.

कायदेपंडित:
२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. तुमचा साडेपाच मीटरचा. म्हणजे तपासायला आपण होऊन कुणी येणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळती गावकऱ्यांनी आधीच कळवली होती.

पोफळबाग:
गोणी काढल्या. पेल्यात माती बसली नाही. चुलत्यांना सगळं सांगितलं, गड्याचा नंबर त्यांच्याकडे दिला. १५ लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली.

जुना_मुरूम:
पातळी?

पोफळबाग:
सांडव्याच्या उंबऱ्याखाली दीड फूट.

जुना_मुरूम:
लिहून ठेवा. येत्या रविवारी पुन्हा मोजा, इथेच टाका.