१८७५ च्या सुपे दंग्याचा अभ्यास : ग्रंथालयात सुरुवात कोठून करावी?

नीराकाठ :
आमचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या पंचक्रोशीत आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या व तेथून दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, एवढे सर्वश्रुत आहे. गावच्या स्मरणिकेसाठी मला यावर लेख लिहायचा आहे. मात्र संकेतस्थळांवर आढळणारे बहुतेक लेख एकमेकांवरून उतरवलेले वाटतात. मी पुण्यात नोकरी करतो आणि शनिवारीच मोकळा असतो. ‘केसरी’च्या त्या वर्षीच्या फाइली कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील? जिल्हा गॅझेटियर वाचले तर काम भागेल का? आमच्या गावातील कोणी त्यात होते का, हे कळावे अशीही इच्छा आहे.

जुनी फाइल :
‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. त्यामुळे १८७५ चा ‘केसरी’ कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. कोणत्याही घटनेचा शोध घेताना त्या वर्षी कोणती पत्रे चालू होती याची यादी आधी करावी. निम्मी पायपीट तेथेच वाचते. पुण्यातून तेव्हा ‘ज्ञानप्रकाश’ निघत असे; ते १८४९ पासूनचे पत्र आहे. मात्र त्या काळातील मराठी पत्रांच्या फाइली सलग मिळतील असे गृहीत धरू नये.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे एक साधन आहे. देशी भाषांतील पत्रांत काय छापून येते यावर लक्ष ठेवण्यासाठी मुंबई सरकार दर आठवड्याला त्यांतील निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करवून घेत असे. हे साप्ताहिक अहवाल मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. ज्या पत्रांचे मूळ अंक आज हाती लागत नाहीत, त्यांचे म्हणणे अनेकदा येथेच सापडते. मात्र सरकारी भाषांतरकाराला जे दखलपात्र वाटले तेवढेच त्यात उतरले आहे. अहवालात उल्लेख नाही म्हणजे पत्राने लिहिलेच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

आता गॅझेटियरविषयी. अहमदनगरचा खंड १८८४ चा आणि पुण्याचा १८८५ चा, म्हणजे दोन्ही घटनेनंतर सुमारे दहा वर्षांनी छापले गेले. क्रम, गावे आणि पार्श्वभूमी समजण्यास ते उत्तमच आहेत. उदाहरणार्थ, सुप्याच्या आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील कर्डे येथे गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार टाकला होता. पण गॅझेटियर ही संपादकाने मागाहून केलेली मांडणी आहे, तिला प्रत्यक्ष साक्ष म्हणता येत नाही.

आपला खरा आधार म्हणजे दंग्यांच्या कारणांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल. तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे १८७८ मध्ये ठेवला गेला आणि पुढच्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. बहुतेक लोक मुख्य अहवाल चाळून थांबतात, परिशिष्टे मात्र उघडतही नाहीत. सरकारी साऱ्यामुळे दंगे झाले का, हाही आयोगापुढचा एक प्रश्न होता. आयोगाने साऱ्याला दोषमुक्त करून ठपका मुख्यतः सावकारीवर ठेवला. सरकारने नेमलेल्या आयोगाने असे म्हणावे यात नवल नाही. परंतु परिशिष्टांतील जबान्या, कर्जांचे दाखले आणि साऱ्याची कोष्टके तपासली की फेरआकारणीत वाढलेला सारा, अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर उतरलेले कापसाचे भाव आणि त्यानंतर सावकारांनी आखडता घेतलेला हात ही सारी साखळी आयोगाच्याच कागदांतून दिसू लागते. पहिले दोन शनिवार मी तरी परिशिष्टांनाच दिले असते.

शिवारवाट :
वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. सुपे नावाची दोन गावे आहेत. आपले सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी १८७५ मध्ये ते भीमथडी तालुक्यात होते. दुसरे सुपे, म्हणजे सुपा, पारनेर तालुक्यात असून दंगे त्याही तालुक्यात झाले होते. त्यामुळे केवळ गावाच्या नावावरून नोंद उतरवून घेतली, तर एका सुप्याची हकिकत दुसऱ्याच्या नावावर चढण्याची पुरेपूर शक्यता आहे. प्रत्येक टिपणावर तालुका आणि जिल्हा लिहून ठेवावा. इंग्रजी सूचींत या गावांची नावे दोन-तीन प्रकारे लिहिलेली असतात, तेव्हा एका वर्णलेखनाने काही सापडले नाही म्हणून शोध थांबवू नये.

ग्रंथपाल (निवृत्त) :
शनिवारचीच सवड असेल तर घरबसल्या होणारे काम आधी उरकावे. गॅझेटियरचे जुने खंड महाराष्ट्र शासनाने संगणकीय रूपात उपलब्ध करून दिले आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुने सरकारी अहवाल मोठ्या प्रमाणावर स्कॅन केले आहेत, म्हणून आयोगाचा अहवाल प्रथम त्यांच्या सूचीत शोधावा.

पुराभिलेखागाराचे काम ग्रंथालयाहून निराळे असते. तेथे ‘सुपे दंगा’ अशा विषयाने कागद लावलेले नसतात, तर खाते, वर्ष आणि खंडक्रमांक या क्रमाने असतात. पोलिसांचा पत्रव्यवहार त्या काळी न्याय खात्याकडे असे आणि साऱ्याचा महसूल खात्याकडे. दंगा म्हटला की लोक न्याय खात्याचे खंड मागवतात आणि महसूल खात्याकडे पाहत नाहीत, परंतु आपल्या विषयात दोन्ही लागतील. जाण्यापूर्वी वेळ, सुट्ट्या, ओळखपत्र आणि छायाचित्रे घेण्याचे नियम दूरध्वनीवरून विचारून घ्यावेत. १८७५ बरोबर १८७६ चे खंडही मागवावेत, कारण घटना मे महिन्यातील असली तरी तिच्यावरची पत्रापत्री बराच काळ चालू राहते.

नीराकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘केसरी’चा नाद सोडला आणि आयोगाचा अहवाल उघडला. आणखी एक विचारतो : तलाठी कार्यालयातील जुन्या फेरफारांतून त्या काळी कोणाची जमीन सावकाराकडे गेली हे कळेल का? आमच्या घरात तशी एक आठवण सांगितली जाते.

जुनी फाइल :
फेरफार नोंदी हक्कनोंदणीच्या १९०३ च्या कायद्यानंतरच्या आहेत, त्यामुळे १८७५ चा व्यवहार त्यांत थेट मिळणार नाही. फार तर विसाव्या शतकाच्या आरंभी ती जमीन कोणाच्या नावावर होती एवढे समजेल, आणि त्यावरून मागचे अनुमान करणे धोक्याचे आहे. घरातील आठवण लेखात जरूर द्यावी, मात्र ती सांगोवांगी आहे हे त्याच वाक्यात नमूद करावे.

जबान्या वाचताना साक्षीदाराचे गाव, धंदा आणि त्याचे म्हणणे कोणापुढे नोंदले गेले या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. अधिकाऱ्यासमोर उभा असलेला कर्जदार सरकारच्या साऱ्याविषयी मोकळेपणाने बोलेलच असे नाही, सावकाराविषयी मात्र तो बोलेल. तसेच सावकारांचे म्हणणेही वगळू नये. लहान सावकार बहुधा स्वतःच मोठ्या पेढ्यांचे देणेकरी असत. त्या घराण्यांचे वंशज आजही आपल्या पंचक्रोशीत असतील, म्हणून स्मरणिकेत एखाद्याचे नाव छापायचे झाल्यास ते छापील अहवालात त्याच तालुक्याच्या नोंदीखाली आले आहे याची खात्री करून घ्यावी.