ही मुलं फ्रेंचच आहेत

फ्रान्समधल्या दंगलींबद्दल ‘स्थलांतरित मिसळायला तयार नाहीत म्हणून दंगली होतात’ असं म्हटलं जातं; हे मत मला पटत नाही. रस्त्यावर उतरलेली बहुतेक मुलं फ्रान्समध्येच जन्मली, तिथल्याच शाळांत शिकली. त्यांचा राग मुख्यतः पोलिसांवर आहे. २००५ साली पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून पळताना दोन मुलं वीज उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. मग तीन आठवडे जाळपोळ. सरकारने आणीबाणी लावली ती फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या, १९५५च्या कायद्याखाली! ज्यांचे आजोबा अल्जेरियातून आले, त्यांना काय वाटलं असेल?

त्याआधी, १९९८च्या सुमारास, वस्तीला ओळखणारे पोलीस नेमायची चांगली योजना सुरू झाली होती. सार्कोझी गृहमंत्री असताना २००३मध्ये ती गुंडाळली. पुढे २०१७च्या कायद्याने न थांबणाऱ्या गाडीवर गोळी झाडायची मुभा वाढवली, आणि २०२३मध्ये पॅरिसजवळच्या नांतेरला १७ वर्षांचा मुलगा गाडीच्या तपासणीत पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्या घटनेचा व्हिडिओ नसता तर पोलिसांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

दंगलींत शाळा, वाचनालयं जाळणं मात्र अक्षम्यच. त्यात नुकसान त्याच वस्त्यांचं झालं.